केया बाकावर बसणार आहे

केया : बाबा, परत सांग. किती लोक येतायत?

बाबा : चाळीसेक. मराठी मंडळाची सगळी कमिटी, शिवाय ढोलपथक. दोनच ढोल आहेत, घाबरू नकोस. रिंकवाल्यांची परवानगी काढलीय.

केया : ओ गॉड. कॅन्सल कर सगळं.

बाबा : कॅन्सल कसं करणार? बायकांच्या आइस हॉकीत, प्रो टीममध्ये आपल्या वेस्ट विंडसरची मुलगी, आणि तिची पहिली मॅच. रेणूकाकूंनी झेंडा शिवलाय.

केया : बाबा, मी खेळत नाहीये. मी बॅकअप गोली आहे. गोल मेगन राखणार. मी फुल गिअर घालून बेंचवर बसणार आणि दार उघडणार. दॅट्स माय जॉब.

बाबा : कसलं दार?

केया : बेंचचं. प्लेअर्स आत-बाहेर करतात ना, त्यांच्यासाठी.

बाबा : अगं, मी तर सगळ्यांना छातीठोक सांगून बसलोय.

आई : इकडे द्या तो फोन. केया, म्हणजे तू नुसती बसणार?

केया : हो आई. नुसती.

आई : नक्की ना?

केया : चोळ, अजून मीठ चोळ.

आई : तसं नाही गं. मग मीही येते.

केया : वेट. तू? आत?

आई : त्यात काय एवढं?

केया : आई, मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून तू पार्किंगमध्ये बसून मेथी निवडतेस. माझ्या कॉलेजची फायनल होती, तेव्हा तू गाडीत गवार मोडत होतीस.

आई : गवार कुणीतरी मोडायला लागतेच. आणि तो काळा दगड तुझ्या तोंडावर येणार, ते मी बघत बसू?

केया : पक, आई. आणि तो मास्कला लागतो. लागला तर छानच, गोल वाचतो.

आई : तू म्हण छान. एकदा तो टण्णकन आवाज ऐकला, तेवढा जन्माला पुरला मला. बाकावर बसलेल्या पोरीला कोणी मारत नाही. मी डबा आणते, तुझ्या मेगनलाही.

केया : माझ्या करिअरची सगळ्यात बोरिंग मॅच, आणि नेमकी तीच तू बघणार.

आई : मला बोरिंगच आवडतात.

बाबा : बरं, पण ढोलाचं काय करू?

केया : मी दार नीट उघडलं की वाजवा.

(शनिवार. मॅच संपली आहे. चेंजिंग रूमबाहेरचा पॅसेज.)

केया : सॉरी, बाबा. चार गोल खाल्ले. टीमला हरवलं मी.

बाबा : तू कशाला हरवशील? मेगनचा पाय मुरगळला, तुला अचानक उतरावं लागलं. आणि किती अडवलेस, ते मोज की. गोंधळ घातला तो आमच्या नरेंद्रने. ढोल कधी वाजवायचा तेच त्याला कळेना. बर्फ पुसायचं मशीन आलं तेव्हा सगळ्यात जोरात वाजवला.

केया : ऐकलं आम्ही. कोच विचारत होती, कुणाचं लग्न आहे का.

बाबा : चौथा गोल झाला तेव्हाही वाजवला. आता व्हॅनमध्ये तोंड लपवून बसलाय.

केया : आणि आई? गाडीत ना?

बाबा : तू मास्क चढवलास आणि तिने किल्ली मागितली. दिली मी. काय बोलणार?

केया : इट्स ओके. माहीत होतं मला. म्हणून मी वर बघितलंच नाही. तिची सीट रिकामी दिसली असती तर रडले असते, आणि मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत. डबा तरी ठेवून गेलीय का?

आई : डबा माझ्याकडे आहे. इकडे बघ. हनुवटी दाखव. तोंड उघड.

केया : आई? तू कुठे होतीस?

आई : दाराशी. निघालेच होते. तेवढ्यात तो मेला दगड तुझ्या मास्कवर बसला आणि तू आडवी झालीस.

केया : आणि तरी थांबलीस?

आई : थांबले.

केया : पुढचे शॉट्स पण बघितलेस? सगळे?

आई : सगळे. राग येत होता, तुझा, त्या पोरींचा, तुझ्या बाबांचा.

केया : मग गेली का नाहीस?

आई : गाडीत बसलं की सारखं वाटत राहतं, तू पडली असशील. आत असलं की निदान दिसतं, परत उठलीस ते.