ताईंच्या अंगावरची शाल

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकी, तुमास्नी आधी. तुमची लेक गेली आन् मी माईकवर बोलतेय, माफ करा.

मी शालन. दहिवडीकडची. वंदनाताईंच्या रहिमतपूरच्या मागावर चौदा वर्सं विणलं. बोलायची सवय न्हाई मला.  पर आज राग आलाय, म्हणून बोलतेय.

ताईंनी काय केलं, तुमास्नी ठावं हाय. आमच्या माणदेशातल्या मेंढरांची काळी लोकर कुणी हातात धरत नव्हतं. ताईंनी तिची जाकिटं केली, पिशव्या केल्या, मफलर केले. एका जाकिटाची आतली बाजू त्यांनी तीनदा उसवायला लावली. मी म्हटलं, आवं ताई, आतनं कोण बघतंय? त्या म्हणाल्या, शालन, घालणाऱ्याच्या पाठीला कळतं.

अशा बाईचा सत्कार तुमी कशानं केला? मिलच्या चकचकीत शालीनं. दर वेळी. हातमागावर भाषण करायचं, टाळ्या वाजवायच्या आन् खांद्यावर यंत्राची शाल टाकायची. ताई हसून घ्यायच्या. घरी आलं की त्या शालीनं माग झाकायच्या, धूळ बसू नये म्हणून. आमी दोघी लय हसायचो.

दवाखान्यातनं आल्यावर त्यांनी एकच घोंगडं विणलं. दम लागायचा. चार धागे टाकायच्या, बसायच्या. धाग्याला चिंचोक्याची खळ मी लावली, किनार त्यांची. म्हणाल्या, हे विकायचं नाही. जाताना माझ्या अंगावर घाल. तूच घाल. मी म्हटलं, असलं बोलू नगा. त्या म्हणाल्या, हो म्हण. मी व्हय म्हटलं.

गेल्या मंगळवारी ताई गेल्या, तवा मी ते घोंगडं काखेत घेऊन त्यांच्या दारात हुबी होते. आत पुढारी. हार आन् शाल, हार आन् शाल, फोटो. मी पुढं सरकले तर एकानं हात आडवा घातला. बाई थांबा, साहेबांचं होऊ द्या. साहेबांचं झालं. मग दुसऱ्या साहेबांचं. मग उचललंच. आमच्यात बाया दारापतूरच जातात. त्याच्या पुढं मला वाट नव्हती.

ताई म्हणायच्या, चूक दिसली की तिथंच थांबायचं, पुढं विणायचं नाही. मला चूक दिसत होती. तरी मी गप ऱ्हायले. तुमच्यावर राग हाय माझा. माझ्यावर जास्त हाय. जिनं जन्मभर आपणहून यंत्राचं कापड अंगाला लावलं न्हाई, ती बाई तुमच्या नऊ शाली पांघरून गेली. मी मोजल्यात.

आन् आज? हितं बघा, फोटोवर पुन्हा शाल. पिशवीतल्या घड्यासुद्धा मोडल्या न्हाईत. मघाशी ताईंच्या नावानं पुरस्कार जाहीर झाला. शाल आन् श्रीफळ. कुणी विणलेली शाल, हे एकानं तरी इचारलं का?

घोंगडं मी आणलंय. ही शाल मी काढतेय. आज कुणी हात आडवा घालू नगा. काकी, या, एक टोक तुमी धरा. किनार वर घ्या, ती त्यांच्या हातची हाय.

ताई, उशीर झाला. घातलं बघा.

आता सगळ्यांनी हुबं ऱ्हावं. त्या दिवशी मी गप ऱ्हायले. आज दोन मिनिटं तुमी ऱ्हावा.