ले मिशनरी, लई मिशनरी

आदरणीय अध्यक्ष डॉक्टर विजयसिंह काटकर साहेब, व्यासपीठावरचे आमच्या चर्चचे फादर इग्नेशियस, समोर बसलेल्या माझ्या दवाखान्यातल्या नर्स, मावश्या आणि वॉर्डबॉय, टेम्पो करून पिंपळीहून इंदापूरपर्यंत आलेली माझी गावकरी मंडळी, आणि अगदी मागे, दाराशी, चपलांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेली माझी आई, साखरबाई आल्हाट. आई, तुझं नाव शेवटी घेतलं म्हणून रागावू नकोस. रागवायला तुझ्याकडे दुसरं कारण आहेच.

डॉक्टरसाहेबांनी माझं इतकं कौतुक केलं की मला वाटलं, आज निरोप दुसऱ्याच कुणा फ्लोरा सिस्टरचा आहे. साहेब, आभारी आहे. या शालीखाली हात कुठे ठेवावेत तेच कळेना. बाळंतिणीच्या खाटेशी उभी असले की हातांना काम असतं. आफ्रिकेतल्या मलावीचं तिकीट आल्यापासून माझं हे असंच चाललंय. बॅग भरते, उपसते, पुन्हा भरते. चहा ठेवते आणि अंगणात जाऊन उभी राहते. चहा उतू जातो.

हे खूळ डोक्यात शिरलं कुठून? गेल्या वर्षी फादरांकडे आफ्रिकेतून एक पाहुणे आले होते. बोलता बोलता ते सांगून गेले, आमच्या गावात दवाखाना आहे, खाटा आहेत, पण नर्स नाही म्हणून बाळंतपणाच्या खोलीला कुलूप आहे. झालं! त्या कुलपानं माझी झोप नेली. तुम्ही म्हणाल, इंदापुरात काय बाया बाळंत होत नाहीत? होतात की. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्या जीपमध्येसुद्धा होतात. पण इथे मी नाही आले तर माझ्या जागी ही आमची नर्स सोनम उभी राहते. तिथे मी नाही गेले तर कुलूप तसंच राहतं.

फादर म्हणाले, तुम्ही ले मिशनरी म्हणून जाऊ शकता. ले म्हणजे प्रापंचिक, साधं माणूस. ना फादर, ना मठातली सिस्टर. तीन वर्षं काम करायचं आणि आपल्या घरी यायचं. मी घरी जाऊन हेच आईला सांगितलं, पण तेव्हा मागे पाण्याची मोटर चालू होती. आईनं ऐकलं, लई मिशनरी!

हसा, हसा. दुसऱ्या दिवशी हिनं अख्ख्या पिंपळीत पेढे वाटले. "माजी पोरगी लई मिशनरी झाली. नुसती न्हाय, लई!" मी ड्यूटीवरून आले तर आमच्या शेजारच्या मेहबूबबी दारातच थबकल्या. म्हणाल्या, "फ्लोरे, आता तुला हात लावल्याला चालतंय न्हवं?"

त्याच संध्याकाळी मी आईला समोर बसवून सगळं फोड करून सांगितलं. मोटर बंद करून सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे तू सादीच हायस?"

"व्हय."

"मठात जानार न्हाईस, वस्त्र न्हाय, काय न्हाय?"

"न्हाय, आई."

"मग सादीला हितं जागा न्हाय व्हय? देवानं मागून घेतली आसती, तर त्याच्यासंगं मी काय भांडणार हुते? पर तू तर आपल्या मनानं निगालीस."

सभ्य श्रोतेहो, खरंच आहे तिचं. मला कुणी ओढून नेत नाही, माझी मीच निघालेय.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत मला पाठवण्याचा विधी आहे. त्यात घरातल्या थोरल्या माणसानं गळ्यात क्रूस घालायचा असतो. फादरांनी तो क्रूस आईकडे दिला. तेव्हापासून तिचं एकच वाक्य, "मी घालणार न्हाय." फादर म्हणाले, काळजी करू नका, मी घालीन, तसं चालतं. फादर, क्षमा करा, मला नाही चालत. तिच्या हातानं गळ्यात क्रूस पडला नाही तर मी विमानात बसणार नाही. हे मी आत्ता पहिल्यांदाच बोलतेय. डॉक्टरसाहेब, शाल परत द्यावी लागली तर राग मानू नका.

आई, चारचौघांत सांगते. मठातल्या सिस्टरला धाडतील तिकडे जावं लागतं. साध्या बाईला मात्र तिचं घर असतं, म्हणून ती घरी येते. मला भीती वाटते, आई. तुझी फार आठवण येईल. तिथल्या भाषेत मी आजवर एकच वाक्य शिकलेय, "जोर कर बाई, जोर कर." तेवढ्यावर निघालेय मी.

काय? काय म्हणतीयेस? सोनम, तो पंखा बंद कर गं.

मागच्यांनी ऐकलं, पुढच्यांसाठी मी सांगते. ती म्हणतेय, "लई बोललीस. क्रूस पिशवीत हाय माज्या. सकाळधरनं घिऊन बसलीया. रविवारी घालीन."

थांबा, टाळ्या नकोत, तिचं अजून संपलेलं नाही.

म्हणतेय, "पर तितं गेल्या गेल्या सगळ्यास्नी सांगायचं, मी लई न्हाय, सादीच हाय. लई म्हटलं की ती मानसं तुला ठिवून घेत्याल."

सांगेन, आई. तिथल्या भाषेतलं दुसरं वाक्य आता हेच शिकते.

अध्यक्ष महाराज, आता मला पुढचं बोलवणार नाही. आपण सगळे कामंधामं टाकून आलात, मनापासून आभार. बोलताना काही अधिकउणं झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ही साधीच आहे म्हणून पोटात घाला. मेहबूबबी, आईला पुढे घेऊन या. तिच्याशेजारी बसून जेवायचंय मला.