चढली, पण बसली न्हाई

आमी मूळचे खटावकडचे. मालक फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे, बदली हुईल तिकडं बिऱ्हाड, आन् अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला आलो जयपूरला. तिथं नळाच्या, बोल्टच्या आट्याला चूडी म्हंत्यात. मी पहिल्यांदा ऐकलं, दुकानवाला भैया ह्यांना म्हनतोय चूडी नहीं मिल रही, मला वाटलं माझ्यासाठी बांगड्या बघत्यात, अशी खूश झाले म्हनून सांगू! निघाले सिलिंडरच्या पितळी जोडणीचे आटे.

आमच्या सुमनला एअर रायफलचा नाद. क्लबात एक परदेशी रायफल व्हती, तिच्यात मोठ्या सिलिंडरातनं हवा भरायची, ट्रकच्या टायरात नसंल एवढा दाब. ह्ये पोरीला सांगायचे, चूडी आईच्या बांगडीवानी बघायची, चढली म्हंजे बसली असं न्हाई, शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरली पायजे, जोर लावायचा न्हाई.

मंग आला नेमबाजीच्या संघाच्या निवडीचा दिवस. ह्ये बाहेरगावी, आन् रायफल सिलिंडरला जोडायची खरी जोडणी कुनीतरी दिल्लीला घिऊन गेलेलं. क्लबातल्या सरांनी विश्वकर्मा भागातल्या कारखान्यातनं दुसरी आणली, ती दोन फेरे गेली आन् आडली, वर खुळखुळती बी. सर म्हनाले बेटा टेप लपेट दो, पाना मार दो. मी बी म्हनलं अगं लाव की, वर्षभर राबलीस न्हवं? तर माझी पोरगी म्हनती, आई, चढलीय, पण बसली न्हाई, दाबानं उडाली तर कुनाचा तरी डोळा जाईल. आन् कुनी परत लावू नये म्हनून जोडणी मुठीत धरून बसली. मंग क्लबातली जुनी, हातानं दांडा ओढून हवा भरायची रायफल घिऊन उभी राह्यली. निवड गेली. काय सांगू तुमास्नी, घरी येऊन उशी भिजवली लेकरानं.

ह्ये आले, माप लावलं. एका बाजूचा आटा इंचाचा, दुसऱ्या बाजूचा मिलिमीटरचा, दाब आला असता तर उडालीच असती. ह्यांचं तोंड पांढरं पडलं, तिला जवळ घिऊन म्हनाले, शाबास माझ्या वाघिणी. रडले बी, मी पहिल्यांदाच बघितलं त्यांना रडताना.

संघात ती कधीच गेली न्हाई, त्याची हळहळ मला अजून हाय. आता ह्ये न्हाईत. सुमन जयपुरातच मालवीय नगरात ऱ्हाती, पोरींना नेम शिकवती. सणाला मी जाती, तिच्या दोनी हातांत बांगड्या भरती, आन् भरून झाल्या तरी मनगटं सोडत न्हाई. ती म्हनती आई, बसल्या की आता, सोड. मी म्हनते हां बाई, बसल्या. सुखी ऱ्हा.