जिन्याची लाईन

भागीरथीबाई : ते प्लगचं नंतर. आधी मला एवढं सांग उमाकांत, कुटुंब एक आणि मीटर तीन, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

उमाकांत : आई, सुब्बाराव अण्णा उद्या वायरिंगसाठी भिंती फोडायला माणसं आणणार आहेत. आज नकाशा पक्का झाला नाही तर...

भागीरथीबाई : भिंती मी बांधल्यात. फोडायच्या कधी ते मी सांगेन. सुब्बाराव, तू वाच रे. अक्षर तुझंच दिसतंय.

सुब्बाराव : अक्षर माझं, अक्का, सांगणं ह्यांचं. पहिल्या मजल्यावर दुकानाचं कापड कापायचं टेबल होतं, तिथे आता उमाकांतचा हॉल. त्याचं एक मीटर. त्याच्या वर शिलाईच्या मशिनी होत्या, तिथे पवनकुमार राहणार. त्याचं एक मीटर.

भागीरथीबाई : सख्खे भाऊ तुम्ही! लोक चूल वेगळी करतात, ऐकलं होतं. तुम्ही दिवेसुद्धा वेगळे करायला निघालात?

उमाकांत : आपल्या सगळ्या बनशंकरी भागात असंच असतं. मजल्याला एक मीटर. पवन दोन-दोन एसी लावणार. त्याच्यामुळे आमच्याकडे अंधार व्हायला नको, मग त्यावरून बोलाचाली नकोत. प्रॅक्टिकल विचार केलाय.

भागीरथीबाई : अजून इथे दूध उतू घातलं नाही, तोवर भांडणाची सोय करून ठेवलीत. बरं, तिसरं मीटर कुणाचं?

सुब्बाराव : ते कॉमन.

भागीरथीबाई : म्हणजे?

सुब्बाराव : सगळ्यांचं मिळून. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गेटवरचा दिवा.

भागीरथीबाई : सरी, कळलं. आणि माझी खोली? खाली शटरच्या आत, गिऱ्हाइकं युनिफॉर्मची मापं द्यायला बसायची, तिथे मला खोली काढताय ना? ती कुणाच्या मीटरवर?

(सुब्बाराव टेस्टर खिशातून काढतात, पुसतात, परत खिशात ठेवतात. उमाकांत फोन बघतो. फोन वाजलेला नसतो.)

भागीरथीबाई : कानात बोळे घातलेत का दोघांनी?

सुब्बाराव : कॉमनवर, अक्का.

भागीरथीबाई : पंपाबरोबर?

सुब्बाराव : लाईन जिन्यातूनच येते ना, स्वल्प जवळ पडतं. वायर कमी लागते.

भागीरथीबाई : वायर कमी लागते! उमाकांत, फोन ठेव आणि माझ्याकडे बघ. मी काय पंप आहे? चालू केला, टाकी भरली, की बंद?

उमाकांत : शब्दाचा कीस काढू नकोस, आई. वायरिंग आहे हे. वायरला नातं कळत नाही.

भागीरथीबाई : वायरला नाही कळत. तुला कळतं ना? सुब्बाराव, ह्याच्या मजल्यावर पॉइंट किती?

सुब्बाराव : बेचाळीस.

भागीरथीबाई : मला?

सुब्बाराव : एक ट्यूब, एक पंखा, एक प्लग. आणि उशाशी बेल.

भागीरथीबाई : बेल कसली?

उमाकांत : ती मी मुद्दाम सांगितली. तुला कधी बरं वाटेनासं झालं, तर नुसतं बटण दाबायचं. उठायला नको, हाका मारायला नकोत. ही काळजी नाही का?

भागीरथीबाई : आहे की. वाजणार कुठे? तुझ्याकडे की पवनकडे?

उमाकांत : जिन्यात.

भागीरथीबाई : जिन्यात!

उमाकांत : म्हणजे दोघांनाही ऐकू येईल.

भागीरथीबाई : दोघांनाही ऐकू येईल आणि दोघंही म्हणतील, दुसरा उतरला असेल. दोन घरचा पाहुणा उपाशी, ते काय उगाच म्हणतात? अरे, दहा महिन्यांचा होतास. कापडाच्या गठ्ठ्यावर निजवायची मी तुला. चौदा मशिनींच्या खडखडाटात तुझं कुरकुरणं मला ऐकू यायचं. हातातली बाही टाकून धावायची मी. तेव्हा म्हटलं का कुणाला, ह्याची बेल जिन्यात लावा म्हणून?

उमाकांत : झालं? आता मी बोलू? तूच म्हणालीस! बाबांच्या वर्षश्राद्धाला, सगळ्यांसमोर. 'मी कुणाच्या घरात राहणार नाही, मला खाली खोली द्या.' तुझ्या सुनेने, प्रतिमाने तुझ्यासाठी आमच्याकडची पूर्वेची खोली ठेवली होती. तिला तू तोंडावर नाही म्हणालीस. पवनलाही नाही म्हणालीस. आता मी तुला माझ्या मीटरवर घेतलं, तर पवन म्हणणार आईला आपल्याकडे ओढली. त्याच्यावर घातलं, तर अख्खी जात म्हणणार थोरल्याने टाकली. मग करू काय? सांग की! शेवटी आम्ही दोघं बसलो आणि...

भागीरथीबाई : आणि मला जिन्यात ठेवलीत.

उमाकांत : हो, ठेवली! दुसरं काही सुचलं नाही!

भागीरथीबाई : अरे, कुणाच्या घरात राहणार नाही म्हटलं, कारण हे घर माझं आहे! एवढं साधं, दोघांपैकी एकालाही कळू नये?

सुब्बाराव : अक्का, पाणी प्या आधी.

भागीरथीबाई : नको मला पाणी. त्याला पंप लागतो.

उमाकांत : बरं, चुकलं. बेल आमच्याकडे घेतो. तू इथे सही कर तेवढी. जुनं मीटर तुझ्या नावावर आहे, म्हणून सगळं अडलंय.

भागीरथीबाई : असं होय! अडलंय म्हणून आलास. नाहीतर हा कागद मला दाखवला असतास का?

सुब्बाराव : नसता दाखवला, अक्का.

उमाकांत : अण्णा!

भागीरथीबाई : त्याला काय दटावतोस? तो होता तेव्हा माझ्याबरोबर. साहेबासमोर उभं राहायचं म्हटलं की तुझ्या बाबांची बोबडी वळायची. पोटात पवन, काखेत तू, तीन दिवस मी वीज ऑफिसात उभी होते. तेव्हा कुठे हे थ्री फेज मिळालं.

सुब्बाराव : थ्री फेज आहे म्हणूनच सांगतो. एक मीटर पुरतं, अक्का. आत येणाऱ्या वायरी तीन आहेत, लाल, पिवळी, निळी. मजल्याला एकेक द्यायची. पवनकुमारने एसी लावला, तरी उमाकांतचा फ्यूज जात नाही. चौदा मशिनी आणि इस्त्र्या ओढल्यात ह्या लाईनीने.

उमाकांत : मग हे मला आधी का नाही सांगितलंत?

सुब्बाराव : तू विचारलं नाहीस, बाबा. तू आलास तोच तीन मीटर घेऊन.

उमाकांत : पवन मानणार नाही.

भागीरथीबाई : नको मानू दे. शटर अजून काढलेलं नाही. खाली ओढते आणि कुलूप घालते. दुकानाचं घर करायला सही देईन मी. घराची तीन घरं करायला देणार नाही.

उमाकांत : ...बरं.

भागीरथीबाई : बरं काय?

उमाकांत : बरं म्हणजे एक मीटर. पवनशी मी बोलतो.

सुब्बाराव : पंप आणि जिना कुठे घालू, अक्का?

भागीरथीबाई : माझ्या लाईनीवर. आणि बेल दोघांकडे लाव. जिन्यात नाही, आत, खाटेच्या डोक्याशी. एका बटणावर दोन वाजतात ना?

सुब्बाराव : वाजतात.

भागीरथीबाई : वाजू देत. मोडू दे दोघांचीही झोप.

उमाकांत : अण्णा, द्या ती पेन्सिल. ह्या खोलीवरचं 'कॉमन' खोडतो. हं. काय लिहू, 'आईची खोली'?

भागीरथीबाई : आई नको. भागीरथीबाई लिही. मीटरवर तेच नाव आहे.