आरतीचा पेनड्राइव्ह

भाऊराव : ...म्हणून म्हणतो, गौरांगला आता काही बोलू नको.

हेमलता : कमाल आहे! सासरे असून तुम्ही काहून माझ्या भावाची बाजू घेऊन राहिले, बाबा? रविवारी त्याने पेनड्राइव्ह लावला, पिक्चर दाखवला, अन् सोमवारी कॉम्प्युटर बसला. माझ्या ट्यूशनच्या चार वर्षांच्या नोट्स गेल्या. एक फाइल उघडत नाही.

भाऊराव : मधात मी पण एक लावला होता.

हेमलता : काय?

भाऊराव : मंडळाचा. गणपतीच्या आधी आरत्यांचा घरोघरी फिरतो ना, तो. सोमवारी सकाळी तू भाजी आणायला गेली होती, तेव्हा कांचघर मोहल्ल्यातून मंडळाचा विष्णू देऊन गेला.

हेमलता : अन् स्क्रीनवर व्हायरसची लाल पाटी नाही आली? कॉम्प्युटरवाल्या अनुपमने तर सांगून ठेवलं होतं, लाल पाटी आली की हात लावायचा नाही.

भाऊराव : आली. मी म्हटलं, आरतीत कसला आला व्हायरस? बायकांनी त्याले हळदकुंकू लावलं होतं, हेमलता. पाटी बंद केली अन् आतलं फोल्डर उघडलं. आरती काही लागली नाही.

हेमलता : अगं बाई! तीस वर्षं फॅक्टरीच्या गेटवर झडतीची ड्यूटी केली तुम्ही. मोठ्या साहेबाचाही पेनड्राइव्ह काढून ठेवत होते.

भाऊराव : तेच तर. कोणत्या तोंडाने सांगू?

हेमलता : मागच्या आठवड्यात गौरांग आला, तर मी त्याला दारातच खिसे उलटे करायला लावले. शेजारच्या रश्मीदीदी पाहून राहिल्या होत्या. तुम्ही याच खुर्चीवर होते, बाबा!

भाऊराव : पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. एक अक्षर वाचलं नाही.

हेमलता : चहा न घेता गेला तो. गणपतीलाही येणार नाही म्हणाला.

भाऊराव : फोन लाव त्याले.

हेमलता : मी नाही लावत. मलाच शरम वाटते आता. सख्ख्या भावाची झडती घेतली मी.

भाऊराव : तू माझ्यामुळे घेतली. दे इकडे, मीच लावतो.

(फोन लागतो. स्पीकर सुरू आहे.)

गौरांग : हां, बाबूजी.

भाऊराव : बेटा, कॉम्प्युटर तू नाही बिघडवला. मी बिघडवला, मंडळाच्या पेनड्राइव्हने. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझी झडती झाली तरी मी गप बसलो.

हेमलता : गौरांग? ऐकून राहिला ना?

गौरांग : हो दीदी. बाबूजी, वो पेनड्राइव्ह अभी किसके पास है?

भाऊराव : पनागरला गेला. मंडळाच्या अंजनीताईकडे.

गौरांग : अरे, मग आधी त्यांना फोन करा! लावू नका म्हणा. अन् मंडळाच्या ग्रुपवर पण टाका.

भाऊराव : ग्रुपवर? साठ घरं आहेत त्याच्यात.

गौरांग : इसीलिए तो.

भाऊराव : ...टाकतो. माझं नाव घालून लिहितो. पण तू गणपतीला ये.

गौरांग : येतो ना. चलो, दारात खिसे पण दाखवतो.

भाऊराव : नको रे बेटा. यंदा दारात तू उभा राहा. माझे खिसे पाहजो.