अठराशे टाइल्सपैकी एक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय मधुकररावजी, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी हा हारतुऱ्यांचा थाट आहे ते आपले बांधकाम पर्यवेक्षक, म्हणजे सगळ्यांचे ओव्हरसियर साहेब चंद्रभानजी इखार, त्यांना इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या कोकिळावहिनी, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मागून सांबारवडीचा वास येऊन राह्यला आहे, त्यामुळे तुमची घाई मला कळते. मी कंत्राटदार माणूस, मुदतवाढ मागायची सवय आहे. पण आज मागणार नाही.

साहेबांबद्दल काय सांगावं? एम-८० वरून येणार, हँडलला घरचा थर्मास, कारण साइटवरचा चहासुद्धा ते घेत नसत. खिशात पेनाशेजारी एक चार इंची खिळा. प्लास्टर कितीही गुळगुळीत दिसो, साहेब खिळा काढून ओरखडा मारणारच. आम्हाला त्यांच्या पेनापेक्षा खिळ्याची धास्ती जास्त. हसताय काय? तुमच्यातल्या निम्म्यांच्या भिंतींवर ते ओरखडे आहेत.

मधुकररावजींनी आत्ता माझी ओळख करून दिली : "हे धनंजय. मुलींच्या वसतिगृहात चुकीचा माल लागला, तर यांनी स्वतः होऊन पत्र लिहून कळवलं." बारा वर्षं ही ओळख मला पुरली आहे. आज मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

गोष्ट शहाण्णव सालची. वसतिगृहाचं नवं भोजनगृह बांधायचं होतं. माझं वय सव्वीस, सेलूला वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, आणि हे माझं पहिलं मोठं काम. फरशीसाठी करारात नागपूरच्या एका कारखान्याच्या मोझॅक टाइल्स लिहिलेल्या, आणि पुढे दोन शब्द : "किंवा समकक्ष". मंजूर केलेली एक टाइल नमुना म्हणून साइटच्या कपाटात ठेवलेली, तिच्या पाठीवर लाल ऑइल पेंटनं साहेबांची सही.

दसऱ्याला उद्घाटन ठरलं, आणि कारखान्यानं सांगितलं, महिनाभर माल नाही. मी दुसरीकडून अठराशे टाइल्स आणल्या. रंग तोच, खडे तसेच. साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी दोन दिवसांत हो किंवा नाही सांगितलं असतं. पण नाही म्हणाले तर? म्हणून मी विचारलंच नाही. मनाशी म्हटलं, समकक्षच तर आहे!

पॉलिशचं मशीन फिरलं, फरशी धुतली, वाळली. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळी फरशी पांढुरकी पडलेली, जागोजागी खडे सुटलेले. फक्त दाराजवळ एक टाइल अशी चमकत होती की तीत तोंड बघावं.

तेवढ्यात साहेब आले. खिळा काढला, ओरखडा मारला, भुकटी निघाली. म्हणाले, "नमुना आणा." कपाट उघडलं तर नमुना नाही! खोटं कशाला बोलू, मला आतून आनंद झाला. नमुनाच नाही तर तुलना कशाशी करणार? पण आमचे भैयाजी मिस्त्री मागे उभे होते.

"साहेब, थो तं लावला. एक टाइल कमी पडून राह्यली होती."

"कुठी लावला?"

"थे काय, चमकून राह्यली थे!"

साहेब खो खो हसले. त्यांना तसं हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. वसतिगृहात मुलींची देखभाल करणाऱ्या सुमित्राबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हसता काय साहेब? माह्या पोरी इथं ताटं घेऊन बसतीन. हे खडे ताटात येतीन त्याईच्या."

मी साहेबांना बाजूला घेतलं. म्हटलं, बदलाच्या परवानगीचा अर्ज देतो, पंधरा दिवसांपूर्वीची तारीख टाकतो. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला.

"तारीख आजचीच. आन् समकक्ष हाय का नाई, थे तुम्ही नाई ठरवायचं. माल आणायच्या आधी विचारायचं असते. मी चार वाजता रिपोर्ट लिहितो. त्याच्या आधी तुमचं पत्र आलं, तं फायलीत थे आधी लागते."

"साहेब, माह्यासाठी काऊन करता?"

"तुमच्यासाठी नाई. तुम्ही स्वतः फरशी उखडली तं नीट उखडसान. नुसता माहा रिपोर्ट गेला आन् काम दुसऱ्याले द्या लागलं, तं पोरी संक्रांतीपर्यंत व्हरांड्यात जेवतीन."

मी तिथेच पत्र लिहायला बसलो. "नजरचुकीने" असा शब्द लिहिला होता, तो साहेबांनी खोडायला लावला. म्हणाले, "नजर बरोबर होती तुमची." चारला पाच कमी असताना पत्र दिलं. सगळी फरशी उखडली, ठरलेला माल येईपर्यंत थांबलो, उद्घाटन महिनाभर पुढे गेलं.

कार्यकारिणीनं फाइल उघडली, वरचं पत्र वाचलं आणि माझं कौतुक केलं. पुढच्या पानावर साहेबांनी सगळं खरं लिहिलं होतं : आधी चूक त्यांनी पकडली, मग पत्र आलं. पण पान कोणी उलटलं नाही. आणि मी? मी कोणाला उलटा म्हटलं नाही. त्या एका पत्रावर मला पुढची कामं मिळाली. एवढंच काय, केळझरला माझ्या सासऱ्यांनी ती गोष्ट ऐकली आणि मुलगी दिली. तिसऱ्या रांगेत बसली आहे. मंजुषा, तुझ्या बाबांना नमुना एक दाखवला आणि माल दुसरा दिला. आता परत घेत नाहीत!

हे आजच का सांगतोय? उद्यापासून साहेब या कार्यालयात नसतील. ते पुढचं पान माहीत असलेला एकच माणूस इथे होता. तो गेला, की मला स्वतःलासुद्धा वाटायला लागेल, मी खरंच स्वतः होऊन पत्र लिहिलं होतं.

अध्यक्ष महाराज, बोलायची संधी दिलीत, तुमचे आभार. कार्यकर्त्यांचे आणि मघापासून धीर धरून बसलेल्या श्रोत्यांचेही आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं.

पण एक माफी सभेकडे मागून चालणार नाही. साहेब, या बारा वर्षांत तुमच्यासमोर कितीदा लोकांनी माझा प्रामाणिकपणा वाखाणला. तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत, चेहऱ्यावरसुद्धा दाखवलं नाहीत. मीच दर वेळी मान फिरवून दुसरीकडे बघायचो. आज पहिल्यांदा तुमच्याकडे बघून बोललो. मला माफ करा.