सत्त्याऐंशी हजार स्क्वेअर फूट

माझं लग्न कसं ठरलं, सांगितलं का तुम्हाला? मुलगी बघायला शेळगावहून बारामतीला गेलो. फ्लॅटमधल्या लोकांना गुंठे काय कळणार, म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, मोबाइलवर हिशेब करूनच ठेवला होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "शेती किती?"

आबा म्हणाले, "हाय की, सत्त्याऐंशी हजार स्क्वेअर फूट."

तिच्या मावशीचा घास तोंडातच राहिला.

पोह्यांच्या बशा उचलता उचलता मुलगी म्हणाली, "म्हणजे दोन एकर."

परतायला गाडीत बसलो. मी म्हटलं, मोडलं आता. आबा म्हणाले, "हीच सून करायची. माझा भाऊ वाटणी मागतोय, आन् त्यो बी माझ्यासारखंच मोजतो."